साडेनऊ, पावणेसात आणि पाच फूट

नमस्कार मंडळी. या सदराचा मी जुना वाचक आहे, पण खरं सांगतो, टिंगल करणारा वाचक. उज्जैनमध्ये राहून असल्या गोष्टी कानावर येणार नाहीत असं होतच नाही. आमच्या ऑफिसात प्रत्येकाकडे एक तरी किस्सा आहे... कुणाला घाटावर कोण दिसलं, कुणाच्या मामांना चक्रतीर्थाच्या स्मशानातून परतताना कुणी हाक मारली. मी आपला विचारायचो, "मामा किती पेग लावून होते?" की किस्सा तिथेच संपायचा.

मी सरकारी बांधकाम खात्यात सब-इंजिनियर आहे. टेप लावायचा, आकडा मापपुस्तकात लिहायचा, खाली सही करायची — चोवीस वर्षं हेच केलंय. म्हणून आज जे लिहितोय ते आकड्यांबद्दलच आहे. यात कुणी दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही.

ऋषीनगरमध्ये आमचं घर आहे. मी, बायको मंजिरी आणि माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. एक्स्चेंजमध्ये लाइनवरची नुसती खरखर ऐकून फॉल्ट कुठल्या मोहल्ल्यात आहे ते सांगायचे, असा त्यांचा लौकिक होता. पण सत्तरीनंतर उजवा कान पार गेला आणि डावाही कमी झाला. मशीन घेतलं होतं, ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडून असायचं. हॉलमध्ये उजव्या भिंतीशी, खिडकीजवळ त्यांची वेताची खुर्ची. तिथे बसलं की टीव्ही डाव्या कानाकडे येतो, म्हणून ती जागा. तरी आवाज एवढा मोठा ठेवायचे की गेटपाशी बातम्या ऐकू याव्यात. त्यावरून घरात रोज कटकट, आणि कटकट करणारा मीच.

मागच्या वर्षी मला होम थिएटरचं वेड लागलं. बजेट चाळीस हजार, एक पैसा वर नाही. महिनाभर फोरम वाचले, व्हिडिओ पाहिले. डब्यात मिळणारा तयार सेट घ्यायचा नाही, रिसीव्हर वेगळा आणि स्पीकर वेगळे घ्यायचे, इथवर ठरलं. रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा. तो नवा परवडत नव्हता. फ्रीगंजमधल्या एका दुकानात मागच्या वर्षीचा, डेमोसाठी वापरलेला पीस स्वस्तात होता. समोरचे दोन, मधला एक, खाली एक सबवूफर... मागचे दोन पुढच्या दिवाळीला. रोज रात्री जेवताना मी हेच पुराण लावायचो, आणि मंजिरीपेक्षा बाबाच जास्त लक्ष देऊन ऐकायचे. ऐकायचे म्हणजे, माझ्या ओठांकडे बघायचे.

शनिवारी मी दुकानात ऐकायला निघालो तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे.

"मी पण येतो. बघू तरी कसा आवाज आहे."

मला घाई होती. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला तिथे काय ऐकू येणारेय? उगाच दमाल."

रागाने नाही म्हटलं. हसत म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि चपला काढून ठेवल्या. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं, ते मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा मी गाडीची चावी शोधत होतो.

दुकानाचे मालक सलीमभाई, पन्नाशीपुढचे, सावकाश बोलणारे. त्यांनी पडदे ओढून मला तासभर सगळं ऐकवलं. मधल्या स्पीकरचे दोन पर्याय होते, एक छोटा आणि एक मोठा. ते म्हणाले, "साहब, सेंटर बड़ा लो। डायलॉग सब इसी में से आते हैं।" मला वाटलं, दुकानदाराची नेहमीची बतावणी. म्हटलं विचार करतो, आणि घरी आलो.

दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "अवि, उद्या दुपारी वेळ आहे का रे? फ्रीगंजला एक चक्कर मारून येऊ."

"उद्या साइटवर आहे बाबा. पुढच्या आठवड्यात बघू ना."

"बरं."

फ्रीगंजला काय काम आहे ते मी विचारलंही नाही. आणि दोनच दिवसांनी साइटवरून परतताना मी एकटाच दुकानात शिरलो, सगळे पैसे भरून टाकले. सेंटर छोटा घेतला, कारण मोठा घेतला तर बजेटच्या वर जात होतो. रिसीव्हर तपासून, सामान जुळवून दोन आठवड्यांत लावून देतो असं सलीमभाई म्हणाले. घरी येऊन जाहीर केलं, झालं एकदाचं! बाबांनी विचारलं, "मधला कुठला घेतलास?"

"छोटा. पुरे आहे तेवढा."

 ते म्हणाले, "बरं केलंस," आणि टीव्हीकडे वळले.

चौथ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. दहावा रामघाटावर झाला, तेरावा घरी. पाहुणे गेले, आणि मंजिरी नको म्हणत असतानाही मी ती वेताची खुर्ची गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली. येता-जाता दिसायची. सहन व्हायची नाही.

दोन महिने खोकी दुकानातच पडून होती. घरात असं असं झालंय, एवढं मी सलीमभाईंना फोनवर सांगितलं होतं. शेवटी त्यांचा फोन आला, "साहब, कब तक रखूँ?" आणि एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ते स्वतःच सामान घेऊन आले.

आता नीट सांगतो. आमचा हॉल अकरा फूट रुंद, चौदा फूट लांब. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये तो छोटा. समोर सोफा. वायरी जोडून झाल्यावर रिसीव्हरसोबत आलेला एक छोटा माइक असतो, तो आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीला ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून घूं... घूं... असा आवाज सोडतो, माइकने तो ऐकतो, आणि ऐकणाऱ्यापासून कुठला स्पीकर किती फुटांवर आहे ते स्वतःच काढून टीव्हीवर दाखवतो. त्या हिशोबाने आवाज जुळवतो. माइक सोफ्याच्या बरोबर मधोमध, स्टँडवर होता. मी आधीच टेप लावून मोजलं होतं — डावा सव्वानऊ, मधला साडेआठ, उजवा सव्वानऊ. सवयच आहे.

टीव्हीवर आकडे आले. डावा साडेनऊ. मधला पावणेसात. उजवा पाच.

सलीमभाई म्हणाले, "माइक हिला क्या?" माइक जागच्या जागी होता. परत लावलं. साडेनऊ, पावणेसात, पाच. त्यांनी वायरी काढून पुन्हा जोडल्या. तेच. मग पिशवीतून दुसरा माइक काढला, दुकानातला, रोजच्या वापरातला. तेच. इंचाचा फरक नाही.

"भिया, तीस साल में ऐसा नहीं देखा," ते म्हणाले. "एकाध आँकड़ा ग़लत आए, समझ में आता है। पर बार-बार एक ही ग़लती? ये तो ऐसे दिखा रहा है जैसे माइक कहीं और रखा हो।"

कहीं और म्हणजे कुठे? असा प्रश्न कुणी टाकला की मला राहवत नाही. तीन बिंदूंपासूनची तीन अंतरं माहीत असली की जागा काढता येते, आमचं रोजचंच काम. मी खडू आणि सुतळी आणली. डाव्या स्पीकरखाली सुतळीचं टोक धरायला मंजिरीला बसवलं, साडेनऊ फुटांवर फरशीवर खडूने कमान काढली. मग मधल्यापासून पावणेसात. मग उजव्यापासून पाच.

तिन्ही रेघा उजव्या भिंतीजवळ, खिडकीपाशी, एकमेकींना छेदल्या. फरशीवर तिथे चार फिकट, गोल, घासलेले डाग होते, आणि खडूची फुली त्या चारींच्या मधोमध आली होती.

मंजिरीच्या हातातून सुतळी सुटली.   सलीमभाईंना काय कळणार, त्यांच्यासाठी तो रिकामा कोपरा होता.

इथून पुढे मी जे केलं ते मला लिहायला जड जातंय. मी घाबरलो असं म्हणता येईल, पण तेही पूर्ण खरं नाही. परक्या माणसासमोर रडू येईल की काय, याची मला लाज वाटत होती. मी म्हटलं, "सलीमभाई, रीसेट मारो. फ़ैक्टरी रीसेट. मशीन में फ़ॉल्ट है."

"साहब, आज ऐसे ही रहने दो न। एक बार चलाकर तो सुनो, कैसा लगता है।"

"नहीं, अभी करो."

मंजिरी म्हणाली, "अहो, थांबा ना जरा. कशाची घाई आहे?"

मी थांबलो नाही. सलीमभाईंनी बटण दाबून धरलं, स्क्रीन विझली, परत लागली. माइक तिथेच. घूं... घूं... आकडे आले. सव्वानऊ, साडेआठ, सव्वानऊ.

"लो, हो गया," सलीमभाई म्हणाले. मी ओल्या फडक्याने फरशी पुसून टाकली.

मंजिरीने चहा टाकला. सलीमभाई हात धुवायला आत गेले आणि आतल्या खोलीच्या दारातच थबकले. तिथे भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो आहे.

"साहब... ये बाबूजी आपके वालिद हैं?"

"हाँ. क्यों?"

"ये तो हमारे यहाँ आए थे। दो बार। ई-रिक्शा से, दोपहर में।"

मी विचारलं, कधी? त्यांनी सांगितलं त्यावरून हिशोब लागला. मी पहिल्यांदा ऐकून आलो त्याच्या पुढच्या आठवड्यात. जेवणाच्या टेबलावर मी दुकानाचं नाव पन्नासदा घेतलं होतं, पत्ता शोधायला त्यांना कितीसा वेळ लागणार. पहिल्या दिवशी म्हणाले, मला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने कमी, तरी ऐकवा. सलीमभाईंनी सगळं ऐकवलं. मोठा सेंटर लावल्यावर ते पुढे सरकून बसले आणि डोळे मिटले.

"बोले, इसमें तो एक-एक शब्द समझ में आ रहा है। आवाज़ बढ़ानी भी नहीं पड़ रही। दूसरे दिन फिर आए, पक्का करने। जाते-जाते बोले, लड़के को लेकर आता हूँ, उसको बताना नहीं, उसके सामने ही सुनूँगा।" सलीमभाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "फिर आए नहीं। मैंने सोचा, बुज़ुर्ग हैं, भूल गए होंगे। आपके वालिद हैं ये मालूम होता तो मैं आपको छोटा वाला देता ही नहीं।"

मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. तिनेच त्यांना सकाळच्या आकड्यांचा अर्थ सांगितला, खुर्ची कुठे असायची ते दाखवलं. ते त्या कोपऱ्यापाशी जाऊन आले. "मैं क्या बोलूँ, भाभी। मशीन तो वहीं का नाप देती है जहाँ माइक हो।" चहा अर्धा ठेवून ते गेले.

दुसऱ्याच दिवशी मी जाऊन मोठा सेंटर आणला. खुर्ची गच्चीवरून खाली आणून तिच्या डागांवर ठेवली. माइक सोफ्यावर ठेवून परत सगळं लावलं... सव्वानऊ, साडेआठ, सव्वानऊ. छोटा सेंटर लावून पाहिलं, सलीमभाईंचा माइक मागून आणून पाहिलं. रीसेट करण्याआधीची सेटिंग परत मिळवता येते का, म्हणून एका फोरमवर विचारलं. नाही मिळत. साइटवर साध्या खड्ड्याचाही फोटो काढणारा मी, त्या सकाळी स्क्रीनचा एक फोटो काढला नव्हता. तीन आकडे वॉरंटी कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवलेत, एवढंच.

एका इंजिनियर मित्राने सांगितलं की आवाज भिंतीवर आपटून माइकला चुकीचं अंतर मिळू शकतं. मान्य. एका स्पीकरचं मिळेल. तिन्हींचं मिळून एकच जागा, आणि तीही तीच जागा? यावर तो म्हणाला, योगायोग. मी वाद घातला नाही. वर्षापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

रिसीव्हर आता एकदम व्यवस्थित चालतो. सोफ्यावर बसून संवाद इतके स्वच्छ ऐकू येतात की आवाज कमीच ठेवावा लागतो. तरी अधूनमधून रविवारी मी तो माइक काढतो. मोजणी चालू असताना घरात शांतता लागते; मंजिरी न विचारता पंखा बंद करते, गॅसवरचा कुकर उतरवते आणि माझ्या शेजारी येऊन बसते. दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोलत नाही. मग आकडे येतात, बरोबर येतात, आणि ती उठून पुन्हा कुकर चढवते.

त्या सकाळी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. ज्या मशीनला मी फॉल्ट म्हटलं, त्यात तो फॉल्ट परत यावा म्हणून मी बसतो, इतकंच सांगू शकतो.