दाराजवळची खुर्ची

आज संत्र्या नावाचा साप माझ्या मनगटाला वेटोळं घालून निवांत बसतो आणि माझा हात थरथरत नाही, याचं सगळं श्रेय आमच्या अपार्टमेंटमधल्या तळमजल्यावरच्या काकूंना. हे छापून आलं तर त्यांना आवडणार नाही, कारण अख्ख्या टेक्सासमध्ये एकही गोष्ट धड नाही असं त्यांचं ठाम मत आहे आणि त्या यादीत मी बराच वर आहे.

काकू पुण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. फ्रिस्कोला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या, त्या जणू या देशाची तोंडी परीक्षा घ्यायलाच. इथल्या हिरवळीला त्या सतरंजी म्हणत. तळ्यावरची बदकं पाव खायला काठावर येत, तर काकू त्यांच्यासमोर उभं राहून, "पोहायचं विसरलात का रे?" असं विचारत आणि उत्तराची वाट बघत. मुलाची नवी गाडी स्वतःहून वळते हे कळल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "गाडीलाच सगळं येतं, मग तू एवढा कशासाठी शिकलास?" बिचाऱ्यानं त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. मी इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटतो. दर मंगळवारी काकू खिडकीशी येत, एक पोळी उजेडात धरून बघत आणि म्हणत, "गोल आहेत. बाकी काही बोलत नाही." हे त्यांच्याकडून मिळणारं बक्षीस होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी नववीत शाळा सोडली. बहिणीनं कागदपत्रं करून इकडे बोलावून घेतलं, आणि तिचं सासर जवळ असलं तरी मी राहत होतो एका नागपूरच्या आयटीवाल्या मित्राबरोबर. त्याचा व्हिसा संपला, तो परत गेला आणि त्याचा साप माझ्याकडे राहिला. केशरी रंगाचा कॉर्न स्नेक, म्हणून नाव संत्र्या. आधी मी त्याला फक्त सांभाळत होतो. मग कधीतरी कामावरून आल्यावर दार उघडताच, "आलो रे," असं म्हणायला लागलो. त्या घरात असं म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

मग नागपंचमी आली. आमची आई जन्मभर पाटावर गंधानं काढलेल्या नागाला नैवेद्य दाखवत आली. माझ्याकडे तर साक्षात जिवंत. त्याला नेहमीसारखं चिमट्यानं कसं वाढायचं? सणाच्या दिवशी कुणी चिमट्यानं वाढतं का? म्हणून त्याच्यासाठी दुकानातून आणून फ्रीजरमध्ये ठेवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवला, पुसला आणि दोन बोटांत धरून घास भरवायला गेलो. संत्र्यानं उंदीर सोडून माझा अंगठा धरला. जखम बोराच्या काट्याएवढी, पण मी जो हात झटकला, तो पुढचे पाच आठवडे परत त्याच्या काचेच्या पेटीत गेला नाही. खाणं लांब चिमट्यानं, पाणी ओव्हनचे हातमोजे घालून. मित्र दर रविवारी नागपुरातून व्हिडिओ कॉल करायचा आणि मी कॅमेरा पेटीकडे फिरवून, "झोपलाय," सांगायचो. शेवटी तो म्हणाला, "यार, भीती वाटत असेल तर सांग ना. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहणारा माझा मित्र महिनाअखेर तिकडे ड्राइव्ह करून येतोय, तो घेऊन जाईल." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर संत्र्याकडे बघवेना.

मंगळवारी काकूंनी पोळीऐवजी माझा अंगठा उजेडात धरला. खुणा अजून दिसत होत्या.

"हे काय?"

"साप चावला, काकू."

"कुठला?"

"कॉर्न स्नेक."

"म्हणजे बिनविषारी. मग पाच आठवडे विषारी चावल्यासारखं तोंड करून का फिरतोयस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी हजर. आल्या आल्या खुर्ची ओढून दाराजवळ ठेवली, पर्स मांडीवर घेतली आणि नागपंचमीची सगळी हकीकत ऐकून घेतली. "हाताला उंदराचा वास, म्हणून त्यानं हाताला उंदीर समजलं. त्याचं उत्तर बरोबर आहे. तुझा प्रश्न चुकला." मग म्हणाल्या, "तीस वर्षांत तुझ्याइतके मठ्ठ विद्यार्थी दोनच मिळाले. दोघेही आज सर्जन आहेत."

शिकवणी सुरू झाली. पहिले दोन दिवस फक्त साबणानं हात धुवायचे आणि झाकण उघडून पेटीपाशी बसायचं. मी भीतीनं काही बोललो की त्या म्हणत, "त्याला कान नाहीत, मला आहेत. गप्प बस." तिसऱ्या दिवशी माझा वापरलेला बनियन पेटीत ठेवायला लावला, म्हणजे माझा वास त्याच्या ओळखीचा होईल. "हा वास सहन करतोय म्हणजे प्राणी सोशिक आहे," असंही वर. मग तारेच्या हँगरचा आकडा करून त्याच्या पाठीवर हळूच टेकवायचा, म्हणजे त्याला कळतं की आता जेवण नाही. "वर्गात शिरताना दार वाजवतात तसं. तू शाळेत गेला होतास ना थोडे दिवस?" आणि शेवटी हात. मी वरून हात घालायला गेलो तशा त्या दारातून कडाडल्या, "वरून घार येते. तू घार आहेस? बाजूनं जा, पोटाखालून, पीठ उचलतोस तसा."

पीठ म्हटल्यावर हाताला कळलं. रोज शेकडो गोळे उचलणारा माझा हात आपोआप मऊ झाला, खाली गेला, आणि संत्र्या त्यावर आला. थंड, कोरडा, ओळखीचा. त्यानं जीभ काढून माझा अंगठा तपासला आणि पुढे बाहीत शिरला. मी रडलो, हे लपवत नाही. काकू म्हणाल्या, "रडायचं काय त्यात. पास झालास, पहिल्या वर्गात नाही."

त्या आनंदात मी वळलो आणि म्हणालो, "काकू, तुम्ही घ्या ना एकदा." त्या खुर्चीतून उठल्या, आणि पाठीमागे त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला. पर्सचा पट्टा दुसऱ्या हातात इतका घट्ट आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती खुर्ची दोन आठवड्यांत दारापासून एक वीतही आत आली नव्हती.

"मी सगळे बाटलीतले धरलेत," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं. जिवंत एकही नाही." मग, "पोरांना कधी कळलं नाही. तूही बोलू नकोस." आणि वरण गॅसवर आहे म्हणून निघून गेल्या. दोन आठवडे रोज दुपारी ही बाई अशी भीत भीत माझ्या दारात बसून माझी भीती काढत होती.

रविवारी मी संत्र्याला मानेवर घेऊन कॉल उचलला. मित्र म्हणाला, "फ्रीमाँटवाल्याला कॅन्सल करतो." काकू पुढच्याच आठवड्यात पुण्याला गेल्या. आता फोनवर पुण्याला नावं ठेवतात. म्हणतात, इथल्यापेक्षा तुमची ती सतरंजी बरी. मंगळवारी पोळ्या लाटताना माझं लक्ष अजून खिडकीकडे जातं.

काकू, तुम्ही पुन्हा याल तेव्हा खुर्ची दाराजवळच असेल. रोज एक वीत आत घेऊ. हात धुवायला साबण मी देईन, हँगर मी धरीन, आणि घाई अजिबात करणार नाही. ज्या दिवशी संत्र्या तुमच्या हातावर येईल त्या दिवशी तुमचे उपकार थोडे तरी फिटतील. मठ्ठ मात्र एकदा म्हणेन. तेवढं मी कमावलंय.