चपला मोजून निवडलेला सुयावाला

दारातल्या चपला मोजून मी एकदा सुया टोचणारा माणूस निवडला होता. चपला जास्त, म्हणजे गुण जास्त, असं माझं शास्त्र. तेव्हा मी जेमतेम बासष्टची होते. अक्कल यायचं वय झालं नव्हतं.

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचे गुडघे संपावर गेलेले. खाली बाकावर आम्ही चौघी रोज संध्याकाळी चपला काढून, पाय वर घेऊन बसायचो. तिची जागा महिनाभर रिकामी होती आणि तिच्याशिवाय चहाड्यांना चव येईना. अशात मोबाइलवर मेसेज आला की ॲक्युपंक्चरने गुडघे बरे होतात. शिवाय मधुमेह, टक्कल आणि सुनेचा तापटपणाही. मी म्हटलं, एवढं होतंय तर गुडघा म्हणजे किरकोळ.

कल्याणला एक सुयावाला सापडला. भिंतीला धरून, खेकड्यासारखी आडवी उतरवत मी तिला खाली आणलं आणि रिक्षात घातलं. त्याच्या दारात चपलांचा हा ढीग! त्यात इवलेइवले बूटसुद्धा.

"बघ, लहान मुलांनाही गुण येतोय," मी म्हटलं.

आत एकही पेशंट नव्हता. भिंतीपलीकडच्या खोलीतून सतराचा पाढा ऐकू येत होता. मला वाटलं, सुया टोचताना पोरांचं लक्ष दुसरीकडे वळवत असतील.

त्या गृहस्थाने काही विचारलं नाही. मैत्रीण रक्त पातळ करायची गोळी घेते, ते सांगायला तिने तोंड उघडलं, तर "माताजी, गोळ्या आजपासून बंद," म्हणत त्याने सुया खोचल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी गुडघा वांग्याच्या रंगाचा. माझी पाचावर धारण बसली. तशीच तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"गोळी बंद केलीत का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"नाही हो," मैत्रीण म्हणाली. "हिचं एक ऐकलं तेवढं पुरे झालं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "काकू, सुयांनी काहींचं दुखणं थोडं कमी होतं, काहींचं नाही. पण सगळंच बरं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नोंदणी आहे का विचारा. सुई नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. आणि टोचण्याआधी त्याने तुम्हाला प्रश्न विचारायला हवेत."

मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. गुडघा पूर्ववत झाल्यावर, त्यांना विचारूनच, नौपाड्यातल्या एका बाईंकडे गेलो. दारात चपला फक्त आमच्या. माझे पाय मागे वळायला लागले होते. पण त्या बाईंनी गोळ्यांपासून झोपेपर्यंत इतकं विचारलं की मुलगी दाखवायला आणल्यासारखं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "गुडघा नवा होणार नाही. दुखणं कमी झालं तर झालं." इतकं कमी कबूल करणारं माणूस मी दवाखान्यात पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे सुयांनी म्हणा की डॉक्टरीणबाईंनी लावून दिलेल्या व्यायामाने म्हणा, चार आणे फरक पडला. एका संध्याकाळी मैत्रीण कठडा धरून, पण सरळ उतरून बाकाशी आली. आम्ही तिघी सरकलो. ती मात्र बसेना. खाली वाकून काहीतरी मोजत होती.

मग म्हणाली, "सहा चपला. अगं, मग मला आधी इथेच का नाही आणलंस?"