आईच्या पायांवरची मांजर

मांजर पुसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पण ही विद्या आईची.

आईने आयुष्यभर बोरिवलीत घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावून अंघोळ घातली. आमच्या बिल्डिंगमधली अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. मग बाथरूममध्ये घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात झकास आहे असं डॉक्टर म्हणाले, तरी ती तो मांडीवर ठेवून बसायची. वरच्या मजल्यावरची नवी बाळंतीण तिला बोलवायला आली. "पोर हातातसून निसटला तर?" म्हणत आईने तिला परत पाठवलं. मला राग यायचा, आईचा नव्हे, तिच्या त्या भीतीचा.

एका रविवारी आमची काळी मांजर कुणाच्या तरी गाडीखालून ऑइल माखून आली. मी तिला साबण लावून कोमट पाण्याने धुतलं आणि टॉवेलने खसाखसा पुसायला घेतलं. हेअर ड्रायर लावला तर बाईसाहेब थेट कपाटावर. कशीबशी खाली काढली, तोवर आई ओरडली, "असा पुसतत काय गो? साल काढशीत तिची! हाड तिका हकडे." मी मांजर उचलून तिच्याकडे आणली.

आई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली. तिचं जुनं मऊ लुगडं मागितलं, मी तिची कामाची पिशवीच उचलून आणली. मांजर पायांवर आडवी झाली. चोळणं नाही, घासणं नाही. कापड नुसतं टेकवायचं, हलकेच दाबायचं, त्याला पाणी ओढू द्यायचं, मग कोरडी बाजू घ्यायची. आधी कान, मग मानेच्या वळ्या, मग काखा. मांजरीच्या मानेला वळ्या नसतात, पण आईला कोण सांगणार! तिचा उजवा हात भराभर फिरत होता.

शेवटी सवयीने तिने पिशवीतल्या काजळाच्या डबीत बोट घातलं आणि मांजरीच्या कपाळाला तीट लावली. काळ्या मांजरीला काळी तीट! मी हसून हसून खाली बसले. आईही हसली. मग तिने काजळाचं ते बोट पाहिलं, मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. मांजर डोळे मिटून गुरगुरत होती.

"वरच्या बाळंतिणीक सांग," ती म्हणाली, "उद्या सकाळी मी येतंय म्हणान."