अप्पांची गाडी आणि दोन वर्षांचा गंज

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन मोठी माणसं दर रविवारी एका बंद गाडीभोवती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की ते आपोआप साठतात. आमच्याकडे दोन वर्षांचा साठा आहे आणि सगळा गंजाचा आहे.

मी तळेगावला शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लोखंडाला ओल आणि हवा लागली की ते गंजतं, हे सातवीतल्या पोरालाही कळतं. लोणावळ्याच्या आमच्या डॉक्टरांना कळत नाही. डॉक्टर दातांचे. ते माझे दात बघतात आणि मी त्यांची गाडी बघतो, अशी आमची मैत्री.

गाडी खरं तर त्यांच्या वडिलांची. अप्पा सत्त्याऐंशीचे, जन्मभर वडगावला वकिली केलेले. गाडी काळी, गोल पाठीची, अकरा वर्षं लोणावळ्याच्या घरामागच्या शेडमध्ये पडलेली. एका दसऱ्याला अप्पांनी निकाल दिला, "दोन वर्षांची मुदत देतो. तेवढ्यात मला हिच्यात बसवून बेडशाला नेलंस तर गाडी तुझी. नाही तर रिसॉर्टवाल्याला देऊन टाकतो."

बेडसे हे अप्पांचं गाव. रिसॉर्टवाला म्हणजे लोणावळ्यातला एक गृहस्थ. त्याला ही गाडी गेटपाशी मांडायची होती. बॉनेट उघडून आत झेंडू लावायचा, बाजूला 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी. डॉक्टरांच्या मनाला हे फार लागलं. लहानपणी ते याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपून गावाला जायचे. तिची कुंडी झालेली त्यांना बघवली नसती, आणि खरं सांगतो, मलाही नसती.

* * *

गाडी बघायला मेकॅनिक मिळाले नवलाख उंबऱ्याचे बबनभाऊ. सोमवार ते शनिवार ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पार्टना गंज धरू नये म्हणून मुलामा चढवतात. रविवारी स्वतःच्या अंगणात जुन्या गाड्या खोलतात.

पहिला पार्ट मागवला तो ब्रेकचा ड्रम. ऑनलाइन, कुठल्या तरी लांबच्या दुकानातून. 'न वापरलेला, पन्नास वर्षं मूळ खोक्यात' अशी जाहिरात होती. खोकं आलं. कोरं करकरीत. आत मेणकागद, त्याला सुतळी. डॉक्टरांनी सुतळीसुद्धा कापली नाही, गाठ सोडली. आत तांबड्या मातीचं ढेकूळ वाटावं असा ड्रम!

बबनभाऊंनी त्यावर बोट फिरवलं, बोट लाल झालं. मग त्यांनी खोकं उचलून चारी बाजूंनी बघितलं.

"डाक्टर, खोकं लय भारी हाय. त्येच बसवू का?"

डॉक्टरांनी रागारागाने दुकानदाराला फोटो पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आलं, "साहेब, गंजसुद्धा ओरिजिनल आहे."

* * *

मग गंज काढायचे उपाय सुरू झाले. जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ताक सांगितलं, कुणी लिंबू, कुणी चिंच. डॉक्टरांनी चिंच निवडली. बाजारातून पाच किलो आणली, घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात भिजवली आणि ड्रम बुडवला. आठ दिवस रोज सकाळी क्लिनिकला जायच्या आधी ते दात घासायच्या ब्रशने त्याला घासत बसायचे.

नवव्या दिवशी ड्रम स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी तो शुभावहिनींना कौतुकाने दाखवला. वहिनींनी चष्मा लावून नीट बघितलं.

"छान निघालाय. लग्नाला तीस वर्षं झाली. देवाचा एक तांब्या कधी घासलात?"

पातेलं त्यांनी बबनभाऊंकडेच पाठवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

* * *

स्वच्छ झालेले पार्ट पुन्हा गंजू नयेत म्हणून काय करावं, हे मात्र मला विचारलं गेलं. मी जरा भाव खाऊनच सांगितलं, "तांदळात ठेवा. तांदूळ ओल शोषून घेतो."

डॉक्टरांनी बेडशाच्या शेतातला इंद्रायणी आणला. डबा भरला, त्यात नटबोल्ट पुरले, झाकण घट्ट लावलं. पंधरा दिवसांनी उघडलं तर बोल्ट लाल आणि तांदूळ गुलाबी.

बबनभाऊंनी मूठभर तांदूळ हुंगला. "सर, ह्यो नवा तांदूळ हाय. त्योच अजून वला हाय. जुना घ्याया पायजे व्हता."

"मग आधी सांगायचं ना."

"तुमी सायन्सचं सर. आमी काय सांगनार?"

मी त्या दिवशी घरी लवकर गेलो.

* * *

यानंतर डॉक्टरांचा माझ्यावरचा विश्वास उडाला आणि त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. क्लिनिकमध्ये दात काढायची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र असतं. डॉक्टरांचा हिशेब असा, की त्यातून हत्यारं कोरडी आणि चकचकीत निघतात, म्हणजे पार्टही निघतील. हत्यारं स्टेनलेस स्टीलची असतात, हे ज्याने पंचवीस वर्षं ती हातात धरली त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी घासलेल्या स्प्रिंगा, बिजागऱ्या आणि एक लांबट पाना यंत्रात ठेवला. नेमक्या त्याच वेळी खुर्चीत कार्ल्याच्या एक मावशी बसलेल्या. दाढ ठणकत होती, गालाला पदर लावलेला. डॉक्टरांनी यंत्र उघडलं आणि ट्रे बाहेर ओढला. सगळं वाफाळतं आणि नारिंगी.

मावशींनी ट्रे बघितला. पाना बघितला. हळूच खुर्चीतून उतरल्या आणि चपला घातल्या.

"डाक्टर, ऱ्हाऊ द्या. आता लय दुखत न्हाई."

* * *

दीड वर्षात एवढं सगळं करून गाडी कशीबशी उभी राहिली. तेव्हा रिसॉर्टवाला एकदा बघायला आला, मुदत संपत आल्याचा त्यालाही वास लागला असणार. गाडीभोवती फिरला आणि हळहळला.

"अरेरे! काय केलंत हे? गंज कुठे गेला?"

"काढला," डॉक्टर म्हणाले.

"अहो, फोटोत गंजच तर छान दिसतो. लोक त्याच्यासाठी येतात." मग बबनभाऊंकडे वळून, "पुन्हा आणता येईल का हो?"

बबनभाऊ हात पुसत म्हणाले, "आठवडाभर त्यो येऊ न्हाई म्हनून पगार घेतो. आन रविवारी आनू व्हय?"

* * *

दसरा आला. आदल्या दिवशी मागच्या दाराचं नवं लॉक बसवलं. बबनभाऊ म्हणाले, "तेल सोडतो त्यात." डॉक्टरांनी हात धरला. अप्पांचं पांढरं धोतर, नवी सीट कव्हरं, डाग पडेल. मग गाडी धुतली आणि शेडबाहेरच ठेवली. लोणावळ्याचं धुकं तिच्यावर रात्रभर बसलं.

सकाळी दार कुरकुरलं, पण उघडलं. अप्पांना मागे बसवलं, दार लावलं आणि निघालो. गाडी बंद न पडता बेडशाला पोहोचली. लेण्यांच्या पायथ्याशी डॉक्टरांनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि चक्क रडले. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माझंही काही वेगळं नव्हतं.

मग अप्पांचं दार उघडायला गेलो. उघडेना. लॉक एका रात्रीत गंजून धरलेलं. आम्ही तिघांनी ओढलं, लाथा घातल्या, काही नाही. पलीकडच्या दाराला लॉक मिळालंच नव्हतं. ते बबनभाऊंनी आतून तारेनं आवळलेलं, आणि पक्कड त्यांच्याच अंगणात राहिलेली. बबनभाऊ पक्कड मागायला गावात गेले. डॉक्टर घाम पुसत म्हणत होते, "अप्पा, घाबरू नका हं."

सुट्टीचा दिवस, लेणी बघायला आलेली बरीच माणसं. कुणीतरी गाडीचा फोटो काढला. मग खिडकीत वाकून एका मुलीने विचारलं, "आजोबा, एक सेल्फी?" मागून दुसरी आली. गाडी कधी घेतली, किती वेगाने पळायची, आजी बसायच्या का हिच्यात. अप्पा एकेकाला सावकाश सांगत होते. काच पूर्ण खाली घेऊन त्यांनी टोपी सरळ केली. मला एकदम वाईट वाटलं. दोन वर्षं आम्ही दर रविवारी त्यांच्या शेडमधून पार्ट उचलून न्यायचो आणि अप्पा तिथेच खुर्चीत बसलेले असायचे. ड्रमबद्दल तासन्‌तास बोललो, त्यांच्याशी चार वाक्यं बोललो नाही.

अर्ध्या तासाने बबनभाऊ पक्कड घेऊन धावत आले. तार तोडली, दार सताड उघडलं.

"उतरा, अप्पा."

"थांब जरा. अजून सहा जण उभे आहेत," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी डॉक्टरांना खिडकीशी बोलावलं. "गाडी तुझी झाली, कबूल. तरी त्या रिसॉर्टवाल्याला फोन लाव. म्हणावं, गाडी देतो. पण मागच्या सीटवर मला बसवायची सोय आहे का, ते आधी विचार."