नुसतं तोंड हलव

“तू बोलू नको रे. तू नुसतं तोंड हलव. आवाज आपण नंतर घालू.”

हे तो मला म्हणाला. मला! माझ्या आवाजाची त्याला काय माहिती? दिग्रसच्या स्टँडवरून सुटलेली यवतमाळची एसटी मी आमच्या वस्तीतून हाक मारून परत फिरवली होती. ड्रायव्हर खाली उतरून माफी मागून गेला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी घोषणा द्यायला लागलो की भोंगेवाला भोंगा उतरवून घरी जेवायला जायचा. तिकडं पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकवाले आपसूक बाजूला होत, मागून कोणीतरी हॉर्न मारून राह्यला म्हणून.

असा तो आवाज. आणि मुंबईचा एक टोपीवाला डायरेक्टर, शाळेच्या अंगणात, गावादेखत मला म्हणतो, नुसतं तोंड हलव.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यावर कपाशीचा लाल्या रोग कमी आणि कॅमेरे जास्त पडले होते. कापसाचं वाटोळं झालं की आमच्या तोंडाला भाव येतो, हे तेव्हा कळलं. बातमीवाले आले, पाहणीवाले आले. आमच्या गावातली एक पडकी भिंत इतक्या वेळा टीव्हीवर गेली, की येणारे-जाणारे तिला नमस्कार करायला लागले. शेवटी सिरियलवाले आले. शाळेची सिरियल. शहरातून एक बाई येते आणि आमच्यासारख्या रानटी पोरांना माणसात आणते, अशी कथा. दिवाळीच्या सुट्टीत जिल्हा परिषदेची शाळा त्यांनी घेतली. भिंतींचा नवा रंग खरवडला. धड होती ती खिडकी फोडली. शाळा शाळेसारखी दिसत नव्हती म्हणे.

सगळ्या पोट्ट्यांना रांगेत उभं केलं. मला निवडलं. सदू नावाच्या विद्यार्थ्याचं काम. मी आनंदानं असा ओरडलो, की बाभळीवरचे बगळे उडाले ते थेट नेरला जाऊन बसले. मग एकानं विचारलं, “आडनाव काय?” मी सांगितलं. त्यानं शेजारच्याकडं पाहिलं. शेजारचा म्हणाला, “परफेक्ट.”

मायनं माझा शर्ट धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. त्यांनी तो काढून घेतला. दुसरा दिला, फाटका. गालाला राख फासली.

मॉनिटरचं काम जिनिंगवाल्या शेठच्या पोराला. सगळे मुंबईकर शेठच्या बंगल्यावर उतरले होते. पहिल्याच सीनला तो उठला आणि म्हणाला, “मले माहीत हाय, बाई.”

सगळे हसले. “किती गोड!” बाईचं काम करणारी नटी म्हणाली. डायरेक्टरनं त्याचा गाल कुरवाळला. “बाळा, मला म्हण. मऽला.” त्याच्याकडून घोटून घेतलं. मधे मधे चॉकलेट दिलं.

मग माझी पाळी. मी म्हणालो, “मले बी माहीत हाय, बाई.”

“कट!” डायरेक्टरनं कपाळावर हात मारला. “काय ही भाषा! कोणाला कळणार हे?”

तोच ‘मले’. तोच ‘हाय’. एका गावची एक बोली. शेठच्या पोराच्या तोंडून पडली तर मध, माझ्या तोंडून पडली तर शेण.

“मले बी शिकवा ना,” मी म्हणालो. “मी बी म्हणतो, मला.”

“वेळ नाही रे.” आणि मग ते वाक्य. नुसतं तोंड हलव. माझे संवाद तर अजून लिहूनही झाले नव्हते. तो म्हणाला, “बाईंच्या पायाशी बस. वर बघ. एक ते वीस मोज. रडत मोज.”

मोजलं. राग इतका आला होता की रडू आयतंच होतं. ते म्हणाले, “वा!”

वस्तीत मात्र मी काय सांगितलं? सांगितलं, लय मोठा डायलॉग हाय. ऐकून कॅमेरावाला रडला, लाइटवाला रडला, जनरेटर हुंदके देऊन बंद पडला. माय शेठच्या जिनातून, सरकी काढायच्या कारखान्यातून आली. तिथं कापसात उभी राहून ती अशी यायची की केसांवर, भुवयांवर रुई. तरणीताठी बाई सकाळी जायची आणि संध्याकाळी म्हातारी होऊन परतायची. म्हणाली, “काय बोलला रे, बाबू?”

“टीव्हीवरच आयक,” मी म्हणालो.

इथपर्यंत मी थोडं फुगवलं असेल. पुढचं फुगवत नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी अख्खी वस्ती विहारातल्या टीव्हीपुढं जमली. माय सगळ्यात पुढं, पांढरं पातळ नेसून. मी दिसलो. शिट्ट्या वाजल्या. पडद्यावर माझं तोंड उघडलं. आणि आतून भलत्याच पोराचा आवाज आला. बारीक. नाकातला. घासूनपुसून घेतलेला.

“बाई, आम्ही घाणेरडी माणसं. माझी आई मला शाळेत पाठवत नाही. म्हणते, शिकून काय करणार? बाई, तुम्हीच माझी आई व्हा.”

सगळ्यांनी मायकडं पाहिलं.

माझी माय. मी एकदा शाळा बुडवून दारव्ह्याला सर्कस बघायला गेलतो, तर तुराटी घेऊन भर बाजारातून शाळेच्या फाटकापर्यंत झोडत नेणारी. आमच्या घरात पाहुणा आला तर ताट कमी पडायचं. पण भिंतीवरच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती, आणि माय ती रोज पुसायची. स्वतःला एक अक्षर येत नसताना पुसायची.

ती माझ्याकडं वळली. अगदी हळू म्हणाली, “मी तुले कवा शाळेत नाही धाडलं रे?”

“माय, मी हे बोललोच नाही.”

“तोंड तं तुह्यंच हाय ना थे?”

तोंड माझंच होतं. मागून कोणीतरी म्हणालं, “चांगला विकला गेला बे तू.” माय उठून गेली. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास तरी कोण ठेवणार? एसटी परत फिरवणारा मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागणार होता. घराघरातून लोकांना ओढून आणलं. मायला हाताला धरून आणलं. टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि टीव्हीला चिकटून उभा राहिलो. पडद्यावर माझं तोंड उघडलं तसं मीही उघडलं.

एक. दोन. तीन. चार.

पाचला तिथं ओठ मिटले, इथंही मिटले. बाराला मिटले. पंधराला मिटले. तोवर मागून एक पोरगी मोजायला लागली. मग तिचा भाऊ. सोळापासून अख्खा विहार पाढे म्हटल्यासारखा मोजत होता. वीसला पडद्यावरच्या मी मान खाली घातली.

मायनं माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजे तू मोजून राह्यलता.”

“हाव.”

“अन् त्याइनं तुह्या तोंडात थे घातलं. माह्या नावानं.”

“हाव, माय.”

तिनं पदर खोचला. मला कळलं, आता तुराटी माझ्यासाठी नाही.

संक्रांतीनंतर ते परत आले. सदू मुंबईत फार आवडला होता. सदूचं रडणं आवडलं होतं. शेठनं जिनातच मायला सांगितलं, पोट्ट्याले पाठव. गेलो. पुन्हा तोच फाटका शर्ट, तीच राख. या वेळी बक्षीस समारंभ. बाई मला पुस्तक देणार, मी त्यांच्या पायावर डोकं ठेवणार आणि उपकार मानणार. दोरीपलीकडं गाव उभं. माय जिनातून तशीच आलेली, पांढऱ्या केसांची.

“मोज,” डायरेक्टर म्हणाला. “आज पन्नासपर्यंत मोज. मोठा डायलॉग आहे.”

कॅमेरा सुरू झाला. मी ओठ मिटले.

“अरे, मोज ना!”

दातावर दात ठेवले. त्या दिवशी पहार आणली असती तरी ते तोंड उघडलं नसतं. उघड्या तोंडात वाटेल ते घालता येतं. बंद तोंडावर कोणता आवाज लावणार?

“कट! तोंड हलव रे!”

पुन्हा सुरू. पुन्हा कट. एका असिस्टंटनं डोक्यात टपली मारली. मग दुसरी मारली, ती टपली नव्हती. कान सुन्न झाला. नटी सावलीत जाऊन बसली. डायरेक्टर म्हणाला, “ह्या लोकांना संधी द्या, तर असे माजतात.” ही भाषा मात्र त्याची अगदी शुद्ध होती.

शेठ दोरीजवळ गेला. मायला म्हणाला, “समजाव तुह्या पोट्ट्याले. उद्या जिनात यायचं हाय ना तुले?”

माय सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “शेठ, थो जलमल्यापासून बोंबलून राह्यला. आज पह्यल्यांदा गप बसला. बसू द्या.”

कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याच पोरीनं हाक दिली, “एक!” तिच्या भावानं, “दोन!” आणि मग सगळी वस्ती. तीन! चार! पाच! माझ्या एकट्याचं तोंड तेवढं बंद. डायरेक्टर टोपी आपटून शांत बसा, शांत बसा म्हणत होता. वीसच्या आत त्यांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं.

पुढच्या भागात सदूला साप चावला. मेला बिचारा. त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही, चादर दाखवली.

मायला जिनात परत घेतलं नाही. त्या शेठनं नाही, दिग्रसच्या दुसऱ्या कोणत्या शेठनंही नाही. लोकांच्या वावरात कापूस वेचून वेचून तिची बोटं फाटली, पाठ वाकली, आणि शेवटी केस खरंच पांढरे झाले. याच्यात गोड काही नाही. शोधू नका.

मी नट झालो. चौकात, बाजारात, विहारासमोर नाटकं करतो. आवाज अजून तसाच आहे. मुंबईहून कधी फोन येतो. चौकीदार, शिपाई, रडणारा बाप. परवा असाच एक डायरेक्टर म्हणाला, “सर, तुमचा चेहरा कमाल आहे. आवाजाचं नंतर बघू.”

मी म्हणालो, नंतर नाही. आत्ताच. माह्यं तोंड दिसंल तिथं आवाज माह्याच लागंल, अन् थो ‘मले’च म्हणंल. माह्या तोंडात काय घालता थे आधी मले वाचून दाखवा, मंग माह्या मायले. जमत नसंल तं तुमच्यापाशी साप हाय.

बोलवा त्याले.