जाऊबाईंचा पहिला काळ

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं माणूस झटक्यात ओळखणारं दुसरं कोणी मी अख्ख्या वाशीम जिल्ह्यात पाहिलं नाही, आणि ओळखताना इतकं हमखास चुकणारंही कोणी पाहिलं नाही. गाव कोणतं, शेती किती, मुलंबाळं किती, असले प्रश्न त्यांना सुचतच नाहीत. पाहुणा पायावर पाणी घेऊन खुर्चीत टेकला, की जाऊबाई सैपाकघराच्या दारातून एकच विचारतात, "भावाचा काळ कोणता मानता? पयला का तिसरा?" हा भाऊ म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ नव्हे, चुलतही नव्हे. ज्यांची गाणी तुम्हीआम्ही कळायला लागल्यापासून गुणगुणत आलो, ते मराठीतले थोर गीतकार, तो त्यांचा भाऊ. त्या गृहस्थांना आपल्याला मेडशीत एक बहीण आहे याचा पत्ता नाही. त्यांचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण जाऊबाईंची तशी ताकीद आहे. "घरातलं लिहून राह्यली तू, त्यात भावाचं नाव कायले पायजे," असं त्यांनी मला बजावलं आहे.

"पहिला" म्हणणाऱ्या पाहुण्याला चहात दोन चमचे साखर आणि बरोबर चिवडा. "तिसरा" म्हणणाऱ्याला चहा मिळतो, पण तो पिताना माणसाला आपलं काहीतरी चुकलं असं वाटत राहतं. मी या घरात आले तेव्हा नवी नवरी म्हणून भीत भीत "दोन्ही चांगले" म्हणाले होते. तीस वर्षं झाली, माझ्या चहात अजून एकच चमचा पडतो.

आता हे काळ कोणते, तेही सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे विद्वान लोकांनी त्या गीतकारांच्या लेखनाचे कोणते टप्पे पाडले आहेत ते मला थोडंफार ठाऊक आहे. जाऊबाईंना त्याच्याशी कर्तव्य नाही. आपल्या विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर बसली तोवरचा तो पहिला काळ. मोटरीपासून घराला स्लॅब पडला तोवरचा दुसरा. त्यात भाऊ सिनेमासाठी लिहीत होता. "पोटासाठी करून राह्यला होता बिचारा, त्याले नावं ठिवू नाही," म्हणून तो काळ चर्चेतून वगळलेला. आणि स्लॅबनंतर आजपर्यंतचा तिसरा. मध्यंतरी त्या गीतकारांना कसलासा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा जाऊबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मात्र प्रत्येक दारात थांबून हे पेढे पहिल्या काळाचे आहेत, असं त्या स्पष्ट सांगत होत्या.

आणि हे सगळं नुसतं हट्टापायी असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं. पण बाईंकडे मुद्दा आहे. "पयल्या काळातली बाई पाह्य," त्या सांगतात. "ते दळते, पाणी भरते, भर उनात भाकर घेऊन वावरात जाते. हात रिकामा नाही तिचा. अन् तिसऱ्या काळातली? नुस्ती खिडकीत उभी. बिनकामाच्या बाईचं गाणं म्या काहून म्हणावं?" मी जन्मभर पुस्तकं चाळली. गाण्यातलं काम कोण करतं, हे मोजणारा एकही समीक्षक मला भेटला नाही. एकदा मालेगावला जाताना एसटीचा कंडक्टर तिसऱ्या काळातलं गाणं गुणगुणत होता. त्याला पटवता पटवता जाऊबाई मालेगाव विसरल्या आणि वाशीमला जाऊन उतरल्या. पटलं का त्याला, म्हणून मी विचारलं. "अर्धा पटला होता. स्टँड आलं," त्या म्हणाल्या.

आमच्या सोयाबीनला हल्ली सगळे जण तणनाशक मारतात. जाऊबाईही मारतात. तरी पावसाळ्यात दोनदा त्या बाया लावून निंदण करतातच. तणाचं निमित्त आहे, त्यांना खरं तर ऐकणारे कान हवे असतात. निंदताना बाया ओळीनं बसून विळ्यानं गवत काढत पुढं सरकतात, त्या ओळीला पात म्हणतात. आमच्या वावरात दोन पाती असतात, एक पहिल्या काळाची आणि एक तिसऱ्याची. बाया हुशार आहेत. पहिल्या काळाच्या पातीला गवत कमी असतं हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलंय, त्यामुळे तिसऱ्या काळाच्या पातीत बसायला कोणी तयार नसतं. दर वर्षी तिथं मला बसावं लागतं.

असल्या बाईंच्या मुलाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा काय झालं असेल, याची कल्पना करा. कारंज्याची मुलगी होती, बी.ए. झालेली. आम्ही बघायला गेलो. पोहे झाले. बाकीच्यांनी मुलीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. शेवटी जाऊबाई पुढं सरकून म्हणाल्या, "पोरी, भावाचा काळ कोणता?" मुलीनं मान खाली घालून सांगितलं, "पहिला." जाऊबाईंनी तिथल्या तिथं पदर सावरला आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "आमच्याकून पसंत आहे." एवढ्या झटक्यात सोयरीक जमलेली मी दुसरी पाहिली नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. सून घरात आली आणि गप्प झाली. म्हणजे तोंड फुगवून नव्हे. विचारलं की हो म्हणायची, सांगितलं की करायची. पहिल्या निंदणीला जाऊबाईंनी तिला पहिल्या काळाच्या पातीत आपल्या शेजारी मानानं बसवलं आणि दिवसभर भावाची महती सांगितली. सून दिवसभर "हो आई" म्हणत राहिली. "गरीब गाय आहे वं," संध्याकाळी जाऊबाई मला कौतुकानं म्हणाल्या. मला मात्र वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या आणि कधीच हात वर न करणाऱ्या मुली आठवत होत्या. मी काही बोलले नाही, तीही माझी चूकच.

आषाढात सून आखाडीला माहेरी गेली. नव्या नवरीनं आषाढात माहेरी जायचं, ही रीतच आहे. पंधरा दिवसांनी यायची ती महिना झाला तरी येईना. आधी आईला बरं नाही म्हणाली, मग धाकट्या भावाची परीक्षा म्हणाली. शेवटी माझा पुतण्या, म्हणजे तिचा नवरा, कारंज्याला जाऊन आला आणि ओट्यावर बसून चपलेकडे बघत म्हणाला, "ते म्हणते, तुमचं घर चांगलं आहे, माणसं चांगली आहे. पण तिथं मले बोलायले जागाच नाही. येईन का नाही ते सांगता येत नाही." जाऊबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्या दिवशी घरात आलेल्या पाहुण्याला त्यांनी काळ विचारला नाही. मला त्यांची काळजी वाटली, इतकी की मी त्यांच्या चहात साखर वाढवली आणि त्यांना कळलंही नाही.

"तिच्याशी गोड बोला, ये म्हणा," मी माझ्या मोबाईलवर व्हॉइस मेसेज कसा करायचा ते दाखवत म्हटलं. जाऊबाईंनी मोबाईल तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "पोरी, उद्या दुसरं निंदण आहे. तुह्या आवडीचं पयल्या काळातलं गाणं कोणतं ते सांग. बायाईकून म्हणून घेतो." एवढंच. मी कपाळाला हात लावला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, भर वावरात. चांगला चार मिनिटांचा मेसेज होता. मी मोबाईल कानाला लावायला गेले तर जाऊबाई म्हणाल्या, "मोठ्यानं लाव." दोन्ही पाती थांबल्या. सुनेचा आवाज पहिल्यांदाच इतका वेळ सलग ऐकला आम्ही. ती म्हणत होती, "आई, मी खोटं बोलले होते. सोयरीक जमवणाऱ्या मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिला म्हणायचं. मला तिसरा काळ आवडतो. पहिल्या काळातली बाई राबते, मान्य आहे. पण आई, ती एक शब्द तरी बोलते का? ती किती छान राबते ते दुसरंच कोणीतरी सांगत असतं. तिला कोणी विचारलंच नाही. तिसऱ्या काळात ती दारात उभी राहून सांगते, आज मी रांधणार नाही, मी थकले, मला घडीभर बसायचं आहे. तेवढं ऐकलं की मला रडू येतं." तिथं मेसेज संपला.

एकीनं उगाच उपटलेलं गवत पुन्हा उपटल्यासारखं केलं. आता सासूचा पारा चढतो, या अंदाजानं दोघीतिघी मागं सरकल्या. जाऊबाई बराच वेळ विळ्याची मूठ अंगठ्यानं घासत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग रांधलं कोणी?"

"काय?" मी विचारलं.

"ते थकली, बसली. ठीक आहे. त्या दिवशी रांधलं कोणी? हे भावानं सांगितलं नाही. इथं मुद्दा कच्चा आहे पोरीचा." आणि उठून उभ्या राहिल्या. "धाकटे, कारंज्याची पयली गाडी किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी वाशीमला गाडी बदलून आम्ही कारंज्याला पोचलो. जाऊबाईंनी साडी घेतली नव्हती, पेढे घेतले नव्हते. दार सुनेनंच उघडलं. जाऊबाई चपला काढता काढताच म्हणाल्या, "तुले घेऊन जायले नाही आली. तुह्यावाला मुद्दा अर्धवट आहे, ते सांगायले आली. रांधलं कोणी?" सुनेनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या आईकडे. मग हळूच म्हणाली, "कोणीही रांधेल. नाहीतर उपाशी राहतील एक दिवस. पण ती थकली हे घरात सगळ्यांना कळलं ना?"

यानंतर तीन तास जे झालं त्याला भांडण म्हणता येईल, पण दोघींचे चेहरे पाहून कोणी म्हटलं नसतं. सुनेला तिसऱ्या काळातली सगळी गाणी पाठ होती. जाऊबाई एकेक उलटून टाकत होत्या. मधेच सून म्हणाली, "आई, तुम्ही चुकताय," आणि विहीणबाईंच्या हातून बशी सुटली. जाऊबाई मात्र मांडी बदलून आणखी पुढं सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोडीस तोड माणूस भेटलं होतं, आणि तेही आपल्याच घरात आणलेलं. निघताना त्या म्हणाल्या, "मले पटलं नाही. पण तू चांगलं बोलतं."

सून आम्हाला पोचवायला स्टँडवर आली. वाद चालूच होता. वाशीमची गाडी लागली, आम्ही चढलो, आणि बोलता बोलता तीही चढून आमच्या समोर बसली. मला वाटलं, गाडी सुटायच्या आत उतरेल. कंडक्टर आला. "कुठं? किती?" जाऊबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षांत मी त्यांना उत्तर माहीत असताना गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या सुनेकडे बघत राहिल्या.

"तीन वाशीम द्या," सून म्हणाली. "पुढं मेडशीची गाडी भेटते ना हो?"

मंगरूळपीर मागं पडलं तेव्हा तिला झोप लागली होती. जाऊबाई खिडकीतून सोयाबीन बघत होत्या. बऱ्याच वेळानं, तिची झोप मोडणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तिचं खरं आहे वं. पयल्या काळात मी नवी होती. दळत होती, पाणी भरत होती. वरीसभर घरात कोणी माह्याशी धड बोललं नाही. तवा ते गाणे आयकून वाटे, कोणीतरी पाह्यते आपल्याले. म्हणून तो भाऊ."

मला एकदम लाज वाटली. तीस वर्षं मी या बाईंच्या काळांना हसत आले होते, पण त्यांच्या जिवाचं गाणं कोणतं, ते मी कधी विचारलं नव्हतं. मग त्या गाडीत मी विचारलं. जाऊबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, ती झोपली आहे याची खात्री केली, आणि माझ्याकडे सरकून बसत त्या अगदी हळू आवाजात तिसऱ्या काळातलं एक गाणं म्हणू लागल्या.