पेनसिल्व्हेनियाच्या घराचं माहेर

अमेरिकेला जायचं की नाही हे ठरवताना लोक पगार बघतात, शाळा बघतात, व्हिसा बघतात. मी एक घर बघायला निघाले, आणि तेही अमेरिकेतलं नाही, जर्मनीतलं.

झालं असं. मी जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सप्टेंबरात कंपनीनं मला पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात पाच वर्षांसाठी जागा देऊ केली आणि विचार करायला एक महिना दिला. तिकडच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर गावातल्या एका जुन्या दगडी घराचा फोटो दाखवला. "हे तुमच्याच लोकांनी बांधलंय!" ते कौतुकानं म्हणाले. तुमच्याच म्हणजे जर्मनांनी. मी अमरावतीची, तरी हसून मान डोलावली. मग ते म्हणाले की घर बाहेरून अगदी इंग्लिश दिसतं, मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. पण दार उघडलं की पाहुणा थेट स्वयंपाकघरातच उभा राहतो. हे असं का, ते कुणाला धड सांगता येत नाही.

मला जुनी घरं बघायचा नाद आहे, त्यामुळे माझी झोप उडाली. थोडं वाचल्यावर कळलं की पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला गेलेल्या जर्मनांपैकी पुष्कळ जण नैर्ऋत्येकडच्या फाल्त्स भागातले आणि त्याच्या आसपासचे. त्या बाजूला जुनी घरं जशीच्या तशी जपलेलं एक खुलं संग्रहालयही आहे. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार आम्ही तिकडे जायचं ठरवलं.

आम्ही म्हणजे मी, नवरा प्रशांत आणि आमची तेरा वर्षांची मुलगी मैत्री. मैत्री इथेच वाढली. आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिला अमेरिकेचं काही सांगितलं नव्हतं. "पोट्टीले आताच नको सांगू, उगा डोक्शात घेऊन बसंल," असं प्रशांत म्हणाला होता, आणि मी लगेच होकार दिला होता. आमच्या घरी खासगी बोलायचं असलं की आम्ही वऱ्हाडीवर येतो. पोरीचं मराठी पुस्तकी, तिला वऱ्हाडी कळत नाही, असा आमचा भरवसा. तिला सांगितलं, सहलीला जातोय. "एगाल," ती खांदे उडवून म्हणाली. म्हणजे, मला काय त्याचं!

शनिवार

तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा. न्यूर्नबर्गपासून पश्चिमेला जाणाऱ्या ए सिक्सवर हाइलब्रॉनच्या अलीकडे बाउश्टेले, म्हणजे रस्त्याचं काम, कायमचंच मुक्कामाला आहे. आम्ही सातला निघायचं म्हणून पावणेनऊला निघालो आणि तासभर एका घराएवढ्या ट्रेलरच्या मागे रांगलो. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि ठेचा सोबत होता म्हणून भांडणं झाली नाहीत.

राइन ओलांडली की देशच बदलतो. आमच्या बव्हेरियात कांद्याच्या आकाराचे चर्चचे कळस, इथे द्राक्षमळे आणि अंजिराची झाडं. ऑक्टोबर असल्यामुळे वेली पिवळ्या पडल्या होत्या आणि गावोगावी नव्या वाइनचे फलक लागले होते. एका गावात जेवायला थांबलो. शाकाहारी मंडळींनी इथे डाम्फनूडल मागवावं. पावासारखा फुगलेला पांढरा गोळा झाकण लावून वाफवतात, पण बुडाला खारट, खरपूस कवच धरतं. सोबत बटाट्याचं सूप. तिघांचं मिळून पस्तीस युरोत भागलं. प्रशांतनं सूपमध्ये गुपचूप ठेचा कालवला.

वाढणाऱ्या काकूंची बोली मला ओ की ठो कळेना. मैत्री मात्र गालातल्या गालात हसत होती. मी विचारलं तर म्हणाली की त्या बटाट्याला बटाटा म्हणतच नाहीत, 'ग्रुमबेअर' म्हणतात. पेनसिल्व्हेनियातली जुनी जर्मन माणसं आजही जवळपास असंच बोलतात हे मी वाचलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या राज्याचं नावही मी तीन आठवडे तिच्यासमोर काढलं नव्हतं.

मुक्काम नाहे नदीच्या खोऱ्यात, एका द्राक्षमळेवाल्यांच्या पेन्झिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. तिघांना नाश्त्यासकट एकशे वीस युरो, खोली स्वच्छ, गाद्या मात्र सरकारी.

रविवार

संग्रहालय एका दरीत पसरलंय. ठिकठिकाणची जुनी घरं उकलून इथे आणून पुन्हा उभी केलीत. चांगले बूट घाला, कारण एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाताना खरोखरच चालावं लागतं. हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या. कुटुंबाचं तिकीट काढलं तर स्वस्त पडतं.

पहिल्याच घरापाशी मी थबकले. लाकडी चौकटीच्या भिंतीचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला होता. आत उभ्या काठ्या, त्यांतून विणलेल्या फांद्या आणि वर पेंढा कालवलेली माती.

"अवो बाई, हा तर कुड हाय!" मी ओरडलेच. आमच्या मामांच्या गावी गोठ्याच्या भिंती अश्शाच होत्या, फक्त फांद्यांच्या जागी पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उरलेल्या काड्या भिंतीत जायच्या. इतकी वर्षं या देशात राहून इथल्या एखाद्या भिंतीबद्दल मला आपलेपणा वाटला नव्हता, तो त्या सकाळी वाटला. मी हातानं ती माती चाचपून पाहिली.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. काळी कॉर्डुरॉयची पँट, रुंद टोपी, पांढऱ्या मिशा. हे हेर, म्हणजे श्रीयुत, लाउअर, निवृत्त सुतार, रविवारी इथे माहिती सांगायला येतात. मला वाटलं, हात लावला म्हणून ओरडणार. ते म्हणाले, "तुमच्याकडे पेंढा बारीक चिरून घालतात की लांब?" आमचं जमलंच.

मी त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या घराचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, छपराच्या मधोमध असलेल्या धुराड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी तेच. चला, याची आई दाखवतो."

ज्या घरात नेलं, तिथे दार उघडल्यावर आम्ही थेट स्वयंपाकघरात उभे! समोर मोठी चूल, भिंती धुरानं काळ्या. चुलीमागच्या भिंतीला एक भोक होतं. हेर लाउअरनी आम्हाला वळसा घालून पलीकडच्या खोलीत नेलं. त्या भिंतीला टेकून तिथे ओतीव लोखंडाच्या पाट्यांची एक पेटी उभी होती. विस्तव चुलीकडून भोकातून आत सरकवायचा, धूर परत चुलीकडे जायचा. त्यामुळे या खोलीत, म्हणजे श्टुबेमध्ये, ऊब यायची पण धूर नाही. शेगडीच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात टेबल आणि भिंतीला धरून दोन बाजूंनी बाक. जेवण, शिवण, हिशेब, प्रार्थना, सगळं तिथेच.

"मी एकदा तिकडे एक जुनं घर दुरुस्त करायला गेलो होतो," हेर लाउअर म्हणाले. "इथे चांगलं लाकूड जपून वापरायचं, म्हणून आम्ही चौकटी उभारून माती भरायचो. तिथे जंगलच जंगल, मग त्यांनी अख्खे ओंडके रचले. पुढे दगड. नातवंडांनी शेजाऱ्यांसारखं इंग्लिश तोंडवळ्याचं घर बांधलं. पण आत? चूल, श्टुबे, कोपऱ्यातला बाक. मी डोळे मिटून फिरू शकलो असतो." एवढं सांगून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले.

तसाच कोपऱ्यातला बाक आमच्याकडे आहे. इथे त्याला एक्बांक म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा त्यांनी आम्हाला दिला, त्यांच्या यजमानांनी स्वतः बनवलेला. वर आणताना उकलावा लागला आणि प्रशांतनं परत जोडल्यापासून त्याचा एक पाय डुगडुगतो. तरी मैत्रीचा अभ्यास, आमची जेवणं, भांडणं सगळं त्यावरच. वर फळीवर बुद्धमूर्ती.

मला वाटलं मैत्री बाहेर मेंढ्या बघतेय. मी प्रशांतला हळूच म्हटलं, "आपला बाक काई नेता येनार नाई. इथंच कोनाले तरी देऊन टाकू."

"आधी पोट्टीले सांगा तं लागंल," तो म्हणाला. "उद्या उत्तर द्याचं हाय तुले."

"मले समजते न सगळं!"

मैत्री दारात उभी होती. डोळे भरलेले, आवाज चढलेला, आणि भाषा वऱ्हाडी.

"तीन आठवड्यापासून माहीत हाय मले. तुमी रोज किचनमध्ये तेच बोलता." मग तिचं वऱ्हाडी संपलं आणि ती जर्मनवर आली. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, आत्याला, नागपूरच्या आजीला, ऑफिसातल्या त्या योर्गलासुद्धा. मलाच नाही विचारलं.

मला इतकी लाज वाटली की मी खाली त्या फरशीकडेच बघत राहिले. पोरीला त्रास नको म्हणता म्हणता आम्ही तिला तीन आठवडे एकटीला विचार करायला लावलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. तू नको म्हणालीस तर मी उद्या नाही म्हणून कळवीन. रागावणार नाही, तुला पुढे ऐकवणारही नाही."

"मी नाही म्हणालेच नाहीये," ती जर्मनमध्ये म्हणाली. "विचारलंच नाही कुणी."

"मग आता विचारते. येशील?"

तिनं कानात इअरफोन खुपसले आणि बाहेर गेली. मला ती जागा हवी होती, खूप हवी होती, हे त्या क्षणी मला स्वतःशी कबूल करावं लागलं. पण पोरीला असं रडवून नको होती.

बाहेर हेर लाउअर सुतारशाळेत होते. त्यांनी एका तुळईवर पटाशीनं मारलेल्या जुन्या खुणा दाखवल्या. घराची सगळी चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवायची, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच आकडा कोरायचा, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन उभं करायचं. अशा खुणा होत्या म्हणूनच ही घरं उकलून इथे आणता आली. आकडे रोमन, पण चार लिहायचा तो चार उभ्या रेघांनी. नेहमीच्या पद्धतीनं लिहिला आणि लाकूड उलटं धरलं तर चाराचा सहा होतो.

"पेन्सिलनं का नाही लिहायचं?" मैत्रीनं अचानक विचारलं. म्हणजे इअरफोन नुसतेच होते.

"पेन्सिल आधी असतेच, विचार करायला," हेर लाउअर म्हणाले. "कोरायचं ते घर न्यायचं ठरलं की."

परतीच्या चार-साडेचार तासांत मैत्रीनं कानातले इअरफोन काढले नाहीत. आम्हाला आता वऱ्हाडीचाही आडोसा उरला नव्हता. ठेचा संपला होता.

सोमवार, घरी

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. दहापर्यंत मेल पाठवायचं होतं आणि मनाशी मी नकार पक्का केला होता. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एक्बांकच्या बैठकीखाली खण आहे, त्यात डब्याच्या पिशव्या असतात. पिशवी काढायला झाकण उचललं आणि माझं डोकंच फिरलं. कुणीतरी आतल्या लाकडावर ओरखडे काढले होते! आजींच्या यजमानांच्या हातचं काम, आणि त्यावर हे!

मैत्रीला हाक मारणार तोच नीट दिसलं. एका फळीवर एक रेघ, तिला जोडलेल्या पायावर एक रेघ. पुढच्या सांध्यावर दोन-दोन. मग तीन. मग चार उभ्या रेघा, शेजारी शेजारी. सगळ्या कर्कटकाच्या टोकानं, खोल कोरलेल्या. पेन्सिल कुठेही नव्हती.

मैत्री दारात येऊन उभी राहिली, केस विस्कटलेले, हातात दात घासायचा ब्रश. मला एकदम रडू आलं आणि तिनं नेहमीसारखे डोळे फिरवले.

"हे काय व?" मी कसंबसं विचारलं.

ती खाली वाकली आणि चार रेघांच्या फळीवर टिचकी मारली. बाक डुगडुगला.

"बाबानं या दोन फळ्या उलट्या लावल्या होत्या," ती म्हणाली. "तिकडं गेल्यावर नीट लावू."